गावी कायमचं राहायला जातोय: पिल्लू विकत घ्यावं की सोडलेलं कुत्रं आणावं?

पडवीतून

नमस्कार मंडळी. गणपतीसाठी गावी आलोय, आणि दिवाळीनंतर आम्ही दोघं इथेच कायमचे राहायला येणार. देवगड तालुका. घर चिऱ्याचं, जुनं. पुढे खळं, मागे आगर, डोंगराच्या अंगाला हापूसची थोडी कलमं. हाकेच्या अंतरावर एकच घर, बाकी वाडी खाली आहे. कुत्रं हवंच, यावर दुमत नाही. कुठलं आणायचं, यावर मात्र घरात तिघांची तीन मतं.

मुलगा म्हणतो लॅब्राडोर घ्या, पिल्लाचे पैसे तो भरणार. मुलगी ठाण्यात एका निवाऱ्यात सुट्टीच्या दिवशी मदतीला जाते, तिला विकतच्या कुत्र्याचा विचारही सहन होत नाही. आमच्या सौ.ना जर्मन शेफर्ड हवा, कारण मागच्या थंडीत खालच्या वाडीतल्या एका खळ्यातून वाघाने, म्हणजे बिबट्याने, कुत्रं उचललं. माझं मत अजून व्हायचंय.

दोघांनीही साठी ओलांडली आहे, माझे गुडघे कुरकुरतात. वर्षातून एकदा-दोनदा मुलांकडे महिनाभर जाणं होतं. गुरांचा सरकारी दवाखाना आहे, पण एक्स-रे वगैरे काही लागलं तर कोल्हापूर नाहीतर गोवा गाठायचं. ज्यांनी कोकणात कुत्री पाळली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. अडचणीही सांगा, नुसतं कौतुक नको.

भरतीची वेळ

काका, आम्ही चिपळूणचे. घरात लॅब आहे, आता म्हातारा झालाय. लॅबची बाजू मी मनापासून घेईन. आमच्या मुली त्याच्या अंगावर लोळून मोठ्या झाल्या आणि तो कधी गुरगुरलासुद्धा नाही. चांगल्या ठिकाणाहून पिल्लू घेतलं की मोठेपणी ते किती उंच होईल, स्वभावाला कसं निघेल, याचा अंदाज बांधता येतो. ज्यांनी आधी कुत्रं पाळलेलं नाही त्यांना याचा फार आधार असतो.

पण तुम्ही अडचणी विचारल्यात, तर पावसाळा सांगते. लॅबचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या गारठलेल्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर काम करणारे. अंगावर केसांचे दोन थर, आतला बारीक आणि दाट. आपल्या जुलैत तो आतला थर वाळतच नाही. वरून हात फिरवला तर कोरडा लागतो, बोटं खोल घातली की ओल. बाहेरून आला की पंज्यांची बोटं एकेक फाकवून कोरड्या फडक्याने पुसायची. एक दिवस टाळलं की मधली कातडी लालभडक होते आणि तो रात्रभर चाटत बसतो. कान खाली पडलेले, आत वारा जात नाही, मग आंबूस वास सुटतो. हे सगळं जमिनीवर बसून करावं लागतं, म्हणून तुमच्या गुडघ्यांचं वाचल्यावर जरा थबकले.

आणि लॅबचं पिल्लू पहिलं दीड वर्ष घर डोक्यावर घेतं. पायपुसणी, चपला, आगरातला पाइप, काही उरत नाही.

दशावतारी

मी वेंगुर्ल्याकडचो. माका इचारशात तर कुत्रो गावठीच बरो. पण वाघाच्या भियान कुत्रो घेव नकात. कुत्रो वाघाक आडवणा नाय, वाघ कुत्र्यासाठीच येता. आमच्या वाडयेतले गेले ते सगळे रातचे खळ्यात साखळयेक बांधलेले. बांधलेलो कुत्रो पळतलो खय? वैनींका सांगा, शेफर्ड असो नायतर गावठी, सांज झाली की भितुर घेवचो आणि दार लावचा.

गोठ्याचे डॉक्टर

दशावतारींना पूर्ण अनुमोदन. बिबट्याचं वजन आणि चपळाई बघता जर्मन शेफर्डही त्याच्यापुढे टिकत नाही. कुत्र्याचा उपयोग भुंकून सांगण्यापुरता, आणि ते काम गावठी कुत्रं जास्त चोख करतं.

मी पशुवैद्य आहे. दिवसाचं काम मुख्यतः गाई-म्हशींचं, पण संध्याकाळी कुत्री येतात. थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक जातीवर वाद घालतात आणि कुत्रं दगावतं भलत्याच कारणाने.

आपल्या किनाऱ्यावर कुत्र्याचा पहिला शत्रू गोचीड. तपकिरी गोचीड कुत्र्याच्या अंगावर रक्त पिते आणि अंडी घालायला खाली उतरते. एक मादी हजारो अंडी घालते, आणि ती घालायला तिला चिऱ्याच्या भिंतीतल्या भेगांसारखी दुसरी जागा नाही. म्हणजे काका, तुमचं घर तिच्या दृष्टीने उत्तमच. तिच्या चाव्यातून एर्लिचिया आणि बबेसिया हे आजार होतात. कुत्रं अन्न सोडतं, ताप चढतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, रक्तातल्या प्लेटलेट घसरतात, कधी नाकातून रक्त येतं. एर्लिचिया वेळेवर ओळखला तर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या साधारण चार आठवड्यांच्या कोर्सने कुत्रं उभं राहतं. गावठीला गोचीडताप होत नाही हा समज खोटा आहे. होतो, फक्त लोक त्याला दवाखान्यात आणत नाहीत म्हणून दिसत नाही. हल्ली महिनाभर किंवा तीन महिने पुरणाऱ्या चघळायच्या गोळ्या मिळतात. कुत्रं कुठल्याही जातीचं आणा, हा खर्च धरून चाला.

दुसरा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, घुशी, भातखाचरातलं साचलेलं पाणी हे सगळं आपल्याकडे आहे. लस दरवर्षी पावसाआधी द्यायची, कारण कुत्र्याच्या लघवीतून तो माणसालाही होऊ शकतो. तिसरं फुरसं, हा लहानसा विषारी साप. देवगड-राजापूरच्या कातळावर ते भरपूर. कुत्रं नाक खुपसतं आणि चावा तोंडावर बसतो. माणसाला देतात तेच प्रतिविषाचं इंजेक्शन कुत्र्यालाही चालतं, पण तासाभराच्या आत पोचायला हवं.

आता जातींबद्दल. लॅब आणि शेफर्ड या दोघांतही खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो. त्यातून लॅबची भूक भागतच नाही. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅबमध्ये पोट भरल्याची जाणीव मंद करणारा जनुकीय बदल असतो. वजन वाढतं आणि सगळा भार त्याच खुब्यावर येतो. पिल्लू घ्यायचंच तर आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे मागा. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. २०१७च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आई दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका. बसस्टँडवर टोपलीतून पिल्लू हातात देणाऱ्याकडून तर नकोच, त्यात पार्व्हो या विषाणूच्या आजाराने तीन दिवसांत जाणारी पिल्लं मी फार पाहिली आहेत. पग, हस्की, सेंट बर्नार्ड यांचा विचारही आपल्या हवेत करू नये.

कातळसडा

माझं मत वेगळं आहे आणि ते कुणाला आवडणार नाही. माझ्या मुलाला शाळेच्या वाटेवर गावठी कुत्र्याने पोटरीला धरलं. लशीसाठी एका दवाखान्यातून दुसऱ्यात, मग जिल्ह्याला, असा दिवस गेला. रस्त्यावरच्या कुत्र्याला घरात घ्या असं सांगणं सोपं आहे. त्याच्या रक्तात काय आहे, त्याने काय भोगलंय, कुणाला माहीत? काकांनी जातिवंत पिल्लू घ्यावं आणि ते कुंपणात ठेवावं.

गोठ्याचे डॉक्टर

तुमचा राग समजतो. मुलाचे सगळे डोस पूर्ण झाले ना? वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितो: चावल्यावर लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

पण उपाय कुत्र्याच्या जातीत नाही, लशीत आहे. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून दरवर्षी मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांना लस टोचली, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. तिथली कुत्रीही गावठीच आहेत.

ठाण्याची चिमणी

मीही मुंबई-ठाण्याकडे निवाऱ्यात काम करते, त्यामुळे काकांच्या मुलीची तळमळ कळते. कातळसडा यांच्या प्रश्नालाही उत्तर आहे. चांगल्या निवाऱ्यात कुत्र्याचं लसीकरण आणि नसबंदी झालेली असते, आणि ते जेवताना कसं वागतं, मुलांशी कसं, दुसऱ्या कुत्र्यांशी कसं, हे सांगणारी माणसं असतात. विकतचं पिल्लू आणताना ते पुढे कसं निघेल हे कुणी लिहून देत नाही.

तरी काका, एक गोष्ट मुलीशी बोला. आमच्याकडची काही कुत्री जन्मापासून सिमेंटवर वाढलेली आहेत. कोंबडी, गाय, साप यातलं त्यांनी काही पाहिलेलं नसतं. कोकणातल्या घरी दिलेल्या एका कुत्रीने शेजाऱ्याच्या कोंबड्या मारल्या आणि तिला परत आणावं लागलं. प्रत्येक वेळी असं होतं असं नाही, पण विचारून घ्या. शहरातलं कुत्रं गावात सोडलं की ते सुखी होतं, हे लोकांना वाटतं तितकं खरं नाही.

आणि एकदा आणलं की परत रस्त्यावर सोडायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशातही तेच आहे: रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं तर पालिकेकडे अर्ज करता येतो, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची.

सुरंगी

धागा सकाळपासून वाचतेय. मी राजापूर तालुक्यात राहते, घरी स्वतःची तीन कुत्री आणि येऊनजाऊन असणारी बरीच.

काका, "जातिवंत की निवाऱ्यातलं" हा प्रश्नच आपल्याकडे थोडा वेगळा पडतो. आपल्या बहुतेक तालुक्यांत निवारा नावाची गोष्ट नाही. एखादी शिक्षिका, एखादा मेडिकलवाला, एखादी मासेविक्रेती, यांच्या अंगणात ती कुत्री असतात. आणि सोडलेलं कुत्रं गावठीच असतं असंही नाही. समुद्राकाठी सुट्टीचे बंगले झाल्यापासून लॅब, रॉटवायलर, एकदा तर कान वाहणारा कॉकर स्पॅनियल, सगळं आमच्या दारात आलंय. पिल्लू असताना बंगल्यावर आणतात, मोठं झालं की राखणदाराच्या भरवशावर ठेवतात, राखणदार नोकरी सोडून गेला की ते कुत्रं वाटेवर. तुमच्या मुलाला लॅबच हवा असेल तर असा मोठा लॅब मिळू शकतो, त्यासाठी नवीन पिल्लू जन्माला घालायची गरज नाही.

आता माझं ठाम मत सांगते. तुम्ही पिल्लू घेऊच नका, कुठलंच. दोन-तीन वर्षांची, नसबंदी झालेली गावठी कुत्री घ्या. कुत्रा नाही, कुत्री.

याचं कारण आपल्या गावातच आहे. पिल्लं झाली की नर उचलले जातात आणि माद्या मासळी बाजाराच्या मागे, नाहीतर पुलाखाली नेऊन सोडतात. "हिला पिल्लं होतील, कोण निस्तरणार" एवढंच कारण. त्यातली जी जगते तिला वर्षाच्या आत पहिली वेत होते, मग वर्षाला दोनदा. आज बाजारात भुंकत हिंडणारी जी टोळी कातळसडा यांना दिसते, ती अशाच सोडून दिलेल्या माद्यांची पोरं आहेत. एका मादीची नसबंदी करून तिला घरात घेतलं तर पुढची सगळी वेतं थांबतात. म्हणून मी यावर एवढं आग्रहाने बोलते. त्यांच्या मुलाचा चावा आणि तुमचं कुत्रं, हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत.

दुसरं, दोन-तीन वर्षांच्या कुत्रीचा स्वभाव समोर दिसतो. ती पार्व्होच्या वयातून पार पडलेली असते, पायपुसणी फाडायचं वय गेलेलं असतं, वजन पंधरा किलोच्या आसपास. वेळ आली तर तुम्ही दोघं मिळून तिला उचलून गाडीत ठेवू शकता. म्हाताऱ्या लॅबला रिक्षात चढवणं दोघांचंही काम नाही. नसबंदी झालेली असली की म्हातारपणी गर्भाशयात पू होण्याचं भयही राहत नाही.

सध्या माझ्याकडे अशी एक आहे. विजयदुर्ग खाडीच्या पलीकडच्या एका बागेत वानर हाकायला तिला ठेवलं होतं. हंगाम संपला, बागेतली माणसं घरी गेली, ही तिथेच. भर पावसात मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपीच्या, दारात बसून होती. अंग तांबूस, एका कानाला नसबंदीची खाच, म्हणजे कुणीतरी कधीतरी तिची काळजी केलेली आहे. आली तेव्हा हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, गोचीडताप निघाला, औषधांवर बरी झाली. कोंबड्यांमधून चालत जाते आणि त्यांच्याकडे बघतही नाही. गाईला वाट देते. काठी टेकत चालणारा माणूस आला की मात्र भिंतीला चिकटून उभी राहते, अंग आक्रसतं. काठी खाली ठेवून पाटावर बसलात की पाच मिनिटांत येऊन हाताचा वास घेते. काका, तुम्ही गुडघ्यांसाठी काठी वापरत असाल तर हे आधीच सांगायला हवं.

उगाच गळ्यात मारत नाही. आधी येऊन बघा.

भरतीची वेळ

सुरंगीताई, मोठ्या कुत्रीचा लळा लागतो का हो? आमच्याकडे सगळे म्हणतात लहानपणापासून हवं.

सुरंगी

लागतो. पहिले दोन-तीन आठवडे ती फक्त बघत असते: कोण जेवण देतं, दार कधी उघडतं, कोण ओरडतं. त्या दिवसांत तिला मोकळं सोडायचं नाही, नाहीतर ओळखीच्या जागेच्या शोधात निघून जाते. आगराचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ती सहज ओलांडते, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोरीवरच फिरवायचं. त्यानंतर तुम्हीच मला लिहाल.

पडवीतून

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांचा गोचिडीचा परिच्छेद सौ.ना वाचून दाखवला, त्यांनी लगेच भिंतीच्या भेगा बघायला घेतल्या. शेफर्डचा विषय त्यांनीच मागे घेतलाय. मुलगी खूश आहे. मुलाला सुरंगीताईंचं पिल्लाबद्दलचं म्हणणं पटलं, लॅबबद्दल अजून कुरकुर आहे, पण राहायचं आम्हाला आहे.

माझी खरी अडचण ती महिनाभराची. आम्ही पुण्याला मुलाकडे गेलो की तुमच्याकडच्या या कुत्रीचं काय? ट्रेनने न्यावं का?

सुरंगी

काका, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच होता, आणि जातीच्या वादात तो मागे पडला. कोकणातली बरीच कुत्री अशाच महिन्याभरात हातची जातात. घरमालक मुंबईला, शेजारी भात टाकून जातो, कुत्रं मालकाच्या शोधात रस्त्यावर.

पुण्याला नेऊ नका. फ्लॅटमध्ये ती खंगेल. तुमच्या शेजारच्या घरात कोण असतं? त्यांना कुत्र्याचं वावडं नसेल तर बघायला येताना त्यांनाही आणा. कुत्री पहिल्या दिवसापासून दोन घरांची व्हायला हवी. तुम्ही असतानाच आठवड्यातून एक-दोनदा तिला त्यांच्याकडे जेवू द्या, एखादी रात्र त्यांच्या पडवीत झोपू द्या. मग तुम्ही गेलात तरी तिला सोडून दिल्यासारखं वाटत नाही. आणि खर्च त्यांच्यावर टाकू नका. तांदूळ, गोचिडीच्या गोळ्या, डॉक्टरांचा नंबर, वरखर्चाचे पैसे, सगळं देऊन जा. शेजारी नाही म्हणाले तर मी ही कुत्री तुम्हाला देणार नाही, आत्ताच स्पष्ट सांगते. तिला एकदा सोडलेलं आहे.

कातळसडा

मुलाचे डोस पूर्ण झाले, डॉक्टर. विचारल्याबद्दल आभार. सुरंगीताई, आमच्या बाजाराच्या मागे दोन माद्या आहेत, एक गाभण वाटतेय. नसबंदीसाठी कुणाला विचारायचं?

सुरंगी

पालिका किंवा नगरपंचायत असेल तर तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. २०२३च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, गाव असेल तर ग्रामपंचायतीची. गाभण मादीचं डॉक्टरांना दाखवून ठरवूया. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, गाडीची सोय मी बघते.

गोठ्याचे डॉक्टर

मीही येईन. आणि काका, कुत्री घरी न्यायच्या आधी पुन्हा एकदा रक्त तपासून घ्या. गोचीडताप उलटू शकतो. रेबीजच्या लशीची तारीख कागदावर नसेल तर दिलीच नाही असं समजून नव्याने द्यायची. भेगा दिवाळीआधी सिमेंटने बुजवा, नुसता चुना पुरत नाही.

पडवीतून

शेजारच्या वहिनींना विचारलं. त्यांच्याकडे पूर्वी कुत्रं होतं, म्हणाल्या आणाच. रविवारी आम्ही तिघं येतो. काठी गाडीत ठेवीन. सौ. विचारतायत, हिला जेवायला काय करायचं? आमच्याकडे रोजचं मटण नसतं, मासे असतात.

सुरंगी

मऊ भात, त्यात उकडलेलं अंडं किंवा काटे काढलेला बांगडा. सुकट चालते, पण रात्रभर भिजवून मीठ काढून टाका. लाल भोपळा, गाजर आवडीने खाते. कांदा-लसूण अजिबात नको, म्हणजे आपली आमटी भातावर ओतायची नाही. शिजवलेली हाडंही नकोत. दोन वेळा द्या, संध्याकाळचं उजेड असतानाच, म्हणजे वाघाच्या वेळेला ती घरात असेल. रविवारी अकराच्या आत या, नंतर ती झोपते.